लाखेच्या बांगडीचा माग

ती घटना आजही आठवते, असे लिहून निवृत्त पोलीस अधिकारी घटना सांगतो आणि शेवटी आरोपीला किती सजा झाली तेही सांगून टाकतो. माझी पंचाईत अशी की, नेमके काय घडले तेच मला आजवर कळलेले नाही. आठवतात ती माणसे. त्यांतल्या दोघांच्या दुःखात मी भर घातली, म्हणून हे लिहितो आहे. नावे कोणाचीच देत नाही.

मी तेव्हा मंगरूळपीरच्या ठाण्यावर नवा सब-इन्स्पेक्टर होतो. अंगावरची वर्दी नवी आणि डोक्यातला ताठाही नवा. पौष महिना होता, कापसाची वेचणी जोरात होती. एका सकाळी गावातला एक कासार खबर द्यायला आला. त्याचा धाकटा भाऊ बांगड्यांचे गठुडे पाठीवर घेऊन फिरतीला गेला होता. दरवर्षी संक्रांतीआधी तो कामरगावच्या बाजूची दहा-बारा खेडी करून आठव्या दिवशी घरी परतायचा. या खेपेला पंधरा दिवस उलटले तरी त्याचा पत्ता नव्हता.

थोरला भाऊ बोलत होता, मुन्शी रोजनामच्यात लिहीत होता. हरवलेल्याची बायको ओसरीच्या खाली उन्हात उभी होती. तिला कोणी काही विचारले नाही. घरचा पुरुष समोर असताना बाईला विचारायची रीत नव्हती, आणि मला तर ते सुचलेही नाही.

रिवाजाप्रमाणे वाटेवरच्या गावांच्या पाटलांना रुक्के गेले. पहिल्या चार गावांनी कासार येऊन गेल्याचे कळवले. पाचव्या गावच्या पाटलाने कळवले की, आला होता आणि एका शेतकऱ्याशी त्याचे कडाक्याचे भांडण झाले. त्यापुढच्या गावांनी मात्र सरळ लिहिले : आमच्या गावी कोणी कासार आला नाही. पाटलाची जबानी म्हणजे गावाची जबानी, असे आम्हाला शिकवले होते. म्हणजे माणूस पाचव्या गावात शिरला आणि बाहेर पडला नाही. त्यात त्या गावच्या कोतवालाने माझ्या कानाशी लागून खबर दिली. शेतकऱ्याच्या बायकोला बांगडी भरताना काच हातात घुसली, रक्त आले, तेव्हा नवरा ओरडला होता, 'पुन्हा या गावात पाय ठेवला तर जित्ता जाऊ देनार नाई.' मला आणखी काय हवे होते?

त्या शेतकऱ्याला मी ठाण्यावर आणले. पहिले दोन दिवस तो एकच सांगत होता.

"साहेब, मी बोललो ते खरं हाये. रागात बोललो. पन तो त्याच दिवशी नदीकडं निंगून गेला."

"कोणी पाहिलं?"

"बायायनं पाह्यलं असंन. आमी तवर वावरात गेलो होतो."

बाया काय सांगणार, असे म्हणून मी ते उडवून लावले. तिसऱ्या दिवशी माझा हात सुटला. लपवून काय करू, तेव्हा तो सगळ्यांचाच सुटत असे आणि त्याला आम्ही तपास म्हणत असू. चौथ्या दिवशी त्याने कबूल केले की प्रेत आपल्या विहिरीत टाकले. मी त्या विहिरीवर दोन मोटा लावून ती तळापर्यंत उपसली. खाली गाळ निघाला, एक फुटकी घागर निघाली. तो काठावर बसून माझ्याकडे बघत होता. मार चुकवण्यासाठी त्याने विहीर कबूल केली होती. मला ते तिथेच समजायला हवे होते. मी मात्र त्याला परत कोठडीत नेले.

इकडे कासाराची बायको दर बाजारच्या दिवशी ठाण्याच्या ओसरीवर येऊन बसायची. बोलायची नाही. ठाण्यासमोरून बाजाराला येणाऱ्या बायका ती न्याहाळायची. हवालदार वैतागून तिला उठवायचा, ती थोडी सरकून परत बसायची. फाल्गुनातल्या एका बाजारी ती अचानक उठली, रस्त्यावरच्या एका म्हातारीचा हात धरला, तिचे गाव विचारले आणि तिला ओढतच माझ्या टेबलापुढे घेऊन आली.

"साहेब, ही बांगडी पाहा. ही माह्या हातची हाये."

म्हातारीच्या डाव्या हातात काचेच्या बांगड्यांच्या शेवटी लाखेची एक लाल बांगडी होती. त्या घराची रीत मला त्या दिवशी कळली. नवरा गावोगाव काचेच्या बांगड्या भरायचा आणि प्रत्येक बाईच्या डाव्या हातात वरून एक लाखेची बांगडी फुकट घालायचा, माहेरची म्हणून. त्या बांगड्या बायको घरी शेगडीपुढे बसून करायची. या खेपेला तिने पहिल्यांदाच त्यांत बारीक आरसे बसवले होते.

"पहिले कधीच नोयते बसवले. ह्याच खेपीले बसवले. ही बाई नदीपल्याडची हाये साहेब. म्हंजे ते तिथवर गेले होते."

म्हातारीचे गाव सातवे होते. पाचव्या गावाच्या दोन गावे पुढे. मी तिला दरडावले.

"तुमच्या पाटलानं तर कासार आलाच नाही म्हणून कळवलं."

"पाटलाले काय ठाव? कासार आला तवा मानसं वावरात होते. संध्याकाळी घरी आले तं तो गेला होता. पाटील काय बांगड्या भरते?"

"मग तुम्ही का नाही सांगितलं?"

"आमाले कोनी पुसलंच नाई."

एवढेच होते. कासार येतो तो बायकांकडे. पुरुष रानातून परत यायच्या आत त्याचे काम आटोपते. जवळच्या चार गावांतले पुरुषही त्याला ओळखत होते; त्यापुढे ज्या एका गावात पुरुषांना तो आठवला, तिथे तो भांडणामुळे आठवला. आणि मी त्यालाच शेवटचा मुक्काम ठरवून एका निरपराध माणसाला दोन महिने पिळून काढले होते. त्याला सोडून द्यायला मी स्वतः कोठडीपाशी गेलो. वाटले, तो पाया पडेल. तो म्हणाला, "साहेब, तुमी सोडलं. पन तो मानूस घावत नाई तोपर्यंत गाव मले सोडते का?" गावाने त्याला खरेच सोडले नाही. त्याच्या लेकीच्या सोयरिकी दोनदा मोडल्या, हे मला पुढे कळले.

त्यानंतरचा तपास खरे तर त्या बाईने केला. त्या काळी बायकांची जबानी घ्यायला आमच्याकडे बाई शिपाई कुठली? मी बैलबंडी केली, बाईला आणि तिच्या भासऱ्याला, म्हणजे त्या थोरल्या भावाला, बरोबर घेतले. मी चावडीवर पाटलाचा चहा पीत बसायचो आणि ती विहिरीवर, ओट्यावर, बायकांत जाऊन बसायची. तासाभराने येऊन सांगायची, इथे अकरा जणींच्या हातात आहे. इथे सहा जणींच्या, पण एका बाळंतिणीला त्यांनी दोन घातल्या. सांगताना तिचा चेहरा फुललेला असायचा. नवरा ज्या अंगणात बसून गेला तिथे ती आता बसत होती. त्या दोन दिवसांत ती सुखात होती, असे म्हटले तर वाचकांना विचित्र वाटेल, पण मी ते पाहिले आहे.

सहावे गाव, सातवे, आठवे, नववे. नवव्या गावात शेवटच्या घरच्या बाईने सांगितले की, त्याने तिच्याकडे भाकर खाल्ली, पाणी प्याला आणि उन्हे कलायच्या आधी दहाव्या गावची पायवाट धरली. दहाव्या गावात आम्ही पोहोचलो. बाई विहिरीवर गेली आणि लगेच परत आली.

"इथं कोनाच्याच हातात नाई," ती म्हणाली आणि बंडीच्या चाकाला टेकून खाली बसली.

नववे आणि दहावे यांत दोन कोसांचे अंतर होते. मध्ये पळसाचे रान आणि दोन कोरडे नाले. दोन्ही गावांची माणसे लावून मी ते तीन दिवस विंचरून काढले. विहिरी पाहिल्या, खदानी पाहिल्या. ज्याच्या पाठीवर काचेच्या शेकडो बांगड्या होत्या, त्या माणसाचा काचेचा एक तुकडासुद्धा सापडला नाही. मारला असता, पडला असता, जनावराने ओढला असता, तर काही तरी फुटले असते. लोकांनी आपापल्या परीने अर्थ लावले. तो निजामाच्या मुलखात गेला, त्याने दुसरी बायको केली, बैराग्यांच्या मागे लागला. हे सगळे त्या बाईच्या कानावर पडत होते.

परतताना तिने मला एकदाच विचारले, "साहेब, काय झालं असंन हो?" मी थकलो होतो आणि तिच्या तोंडाकडे बघवत नव्हते. मी बोलून गेलो, "बाई, काच फुटली नाही. म्हणजे माणूसही धड असेल." तिने मान हलवली. वर्षभराने मी वरिष्ठांना अहवाल पाठवला : पत्ता लागला नाही, तपास बंद. माझी बदली झाली.

बारा वर्षांनी मी वाशीमला असताना थोरला कासार मला शोधत आला. बारा वर्षे ज्याचा पत्ता नाही, त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करतात, दहावे-तेरावे करतात. थोरल्याला ते करायचे होते. आपण म्हातारे झालो, भावाला पाणी न देता मरायचे का, असे त्याचे म्हणणे होते. बाई तयार नव्हती. "ते बाई म्हन्ते, साहेबानं सांगतलं मानूस धड हाये. तुमीच समजावा तिले," तो म्हणाला.

मी ते वाक्य केव्हाच विसरलो होतो. त्या वाक्यावर ती बारा वर्षे कुंकू लावत होती. हळदीकुंकवाला तिला बोलवावे की नाही यावर बायकांची कुजबूज व्हायची. बोलावले तर त्या घरची म्हातारी नाक मुरडायची, नाही बोलावले तर ही स्वतःहून जायची.

मी मंगरूळपीरला गेलो. ती शेगडीपुढे बसली होती. केस पांढरे झाले होते. मी बसलो आणि सांगितले, "बाई, तेव्हा मी जे बोललो ते तुमच्या समाधानासाठी बोललो. मला काहीच ठाऊक नव्हतं. आजही नाही."

तिने चिमटा खाली ठेवला. "ते मले तवाच समजलं होतं, साहेब. पन बाकी कोनी तेवढंबी बोललं नाई."

माझ्या डोळ्यांत पाणी आले. तिने चिमटा पुन्हा उचलला आणि ती म्हणाली, "भासऱ्यायले करू द्या पुतळा. त्यायचा भाऊ हाये, त्यायचंबी मन हाये. पन माह्या हाताले कोनी हात लावाचा नाई. मले जवा समजंन तवा मी आपल्या हातानं फोडीन."

दहनाच्या दिवशी मी वर्दी घालून तिच्या दाराशी खुर्ची टाकून बसलो. त्याला कायद्याचे कोणतेही कलम नव्हते. रीत करायला आलेल्या चार म्हाताऱ्या अंगणात घुटमळल्या आणि निघून गेल्या. ती आत काम करत होती.

या प्रकरणाने मला शिकवले ते असे. गावाला विचारायचे तर आधी बायकांना विचारावे, पुढच्या सगळ्या नोकरीत मी तसे केले आणि मला त्याचा फायदाच झाला. कबुली म्हणजे पुरावा नव्हे, हेही शिकलो, पण त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. ठाऊक नसेल तर दिलासा देऊ नये, हे मात्र मी अजून शिकू शकलेलो नाही. तशीच बाई पुन्हा समोर उभी राहिली तर काय बोलेन, सांगता येत नाही.

पुढे चारेक वर्षांनी थोरला पुन्हा भेटला. भावजय गेली म्हणाला. तापाचे निमित्त झाले. मी विचारू की नको करत विचारले, सवाष्ण म्हणून नेली की कशी? तो माणूस, ज्याने भावाचा पुतळा स्वतः जाळला होता, जमिनीकडे बघत म्हणाला, "हिरव्या बांगड्या भरल्या, साहेब. मीच भरल्या. चुकलं का?"

"नाही," मी म्हणालो. त्या प्रकरणात मी खात्रीने दिलेले ते एकच उत्तर.