चादरीखालचा सौदा

बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांनी हात हातात घ्यायचे, वर उपरणं टाकायचं आणि बोटांनी बोलायचं. किती बोटं धरली त्यावरून भाव कळतो. समोरच्याने पूर्ण मूठ आवळली की सौदा पक्का. भोवती कितीही माणसं उभी असली तरी भाव दोघांतच राहतो. कागद नाही, साक्षीदार नाही, आणि तरी आवळलेली मूठ कुणी मोडत नाही.

मी हेडी आहे, म्हणजे बैलांचा व्यापारी. वडील ऊसतोडीला जायचे. मी दुसऱ्यांचे बैल हाकत बाजाराला नेण्यापासून सुरुवात केली आणि कुणाच्या मेहेरबानीशिवाय स्वतःची दावण उभी केली. माझ्याशी घासाघीस करायची तर लोक घरून जेवून येतात. तोंड तापट आहे, ते मला माहीत आहे. त्याचा धंद्यात उपयोगच झाला.

कोरोनाच्या पहिल्या साली पोळा झाला आणि मला ताप भरला. श्वास लागायला लागल्यावर तालुक्याच्या हॉस्पिटलात नेलं. शेजारच्या खाटेवर बघतो तर तेलगावकडचा एक हेडी. आयुष्यभर बाजारात माझ्यासमोर उभा राहिलेला माणूस. नळी नाकात असतानाही त्याने हात वर केला आणि म्हणाला, "बाजार बंद हाय म्हणत्यात, मग आपन हितं कावून जमलो बे?"

काही दिवसांत ताप उतरला. ऑक्सिजनही कमी करत आणला. तिथून पुढे माझं बिनसलं. डबा यायचा, तसाच परत जायचा. भाकरी कडू लागत होती असं नाही. ती खावी असं वाटतच नव्हतं. पालथं झोपा म्हणाले की झोपायचो, उठा म्हणाले की उठायचो. बाकी वेळ भिंतीकडे तोंड. घरच्यांची आठवण यायची नाही, मरणाची भीती वाटायची नाही. आजूबाजूला माणसं कण्हत होती, त्यांचंही काही वाटत नव्हतं. भूल दिलेल्या जागी चिमटा काढावा तसं सगळं.

शेजारचा मात्र सुधारत होता. एक दिवस तो माझ्या खाटेवर येऊन बसला.

"नवरीवानी रुसलास का? बोल की."

मी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याने माझ्या चादरीखाली हात घातला आणि माझी बोटं धरली.

"लाल जोडीचं बोलतो," तो म्हणाला.

माझ्या घरी लाल कंधारी बैलांची एक जोड होती. किती तरी बैल माझ्या दावणीवरून गेले, पण ही जोड मी वासरं असल्यापासून सांभाळली होती. टोळ्या बैलगाड्या घेऊन ऊसतोडीला निघायच्या आधी तिला कुणीही मागेल तो भाव दिला असता. त्याने बोटांनी मागितला तो त्याच्या निम्माही नव्हता. मला चिडवायला मागितला, असं तो आज म्हणतो. मी एरवी त्याचा हात झटकला असता आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी शिवी हासडली असती.

मी मूठ आवळली. त्याने हात सोडावा, उठून जावं, एवढंच मला हवं होतं.

त्याने वाकून माझं तोंड बघितलं. म्हणाला, "पक्कं?"

मी डोळे मिटून घेतले.

त्याला माझ्याआधी घरी सोडलं. मग एका सकाळी बायकोचा फोन आला. "तेलगावचा मानूस दारात हाय. म्हनतो, जोड घेतली. खरं हाय का?"

"खरं हाय."

"केवढ्याला?"

मी सांगितलं. तिने तो आकडा मला पुन्हा म्हणायला लावला. मग म्हणाली, "तुमी शुद्धीवर हायत ना?"

"नेऊ दे त्याला," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

तिने पैसे घेतले आणि जोड सोडून दिली, कारण मूठ आवळलेली होती. मग तिने हॉस्पिटलला फोन लावला आणि डॉक्टर बोलेपर्यंत लावतच राहिली. वॉर्डाच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्या दुपारी माझ्या खाटेशी आल्या.

"तुमच्या घरून फोन होता. त्या म्हणाल्या, ताप-बीप जाऊ द्या, हा माणूस भांडत नाही."

त्यांनी मला झोप, भूक, मन कशात लागतं का, असं बरंच विचारलं. जीव नकोसा होतो का, हेही सरळ विचारलं. मी म्हणालो, "हवासा बी वाटत न्हाई." मग त्यांनी माझा रक्ताचा रिपोर्ट काढला. विषाणूशी झगडताना शरीरात सूज येते, ती किती आहे हे रक्तात कळतं, आणि माझी अजून बरीच होती. "ही सूज फक्त फुप्फुसात नसते," त्या म्हणाल्या. "काही पेशंटचं मनही त्यात खाली बसतं. इथला एकटेपणा असतो, भीती असते, सगळं मिळून होतं. याला डिप्रेशन म्हणतात. हा आजार आहे. सूज उतरली की मन आपोआप वर येईलच असं नाही, म्हणून गोळी देते. घरी गेल्यावरही घ्यायची."

घरी आलो. दावणीचे दोन खुंटे मोकळे होते, तरीही मला काही वाटलं नाही, तेव्हा बायको रडली. गोळी घेत राहिलो. विचारणाऱ्याला शुगरची आहे म्हणून सांगायचो.

फरक मला पेंडीच्या दुकानात कळला. दुकानदाराने ओलं पोतं काट्यावर ठेवलं. मी त्याला असं झापलं की रस्त्यावरची माणसं थांबली. घरी आलो तर भूक लागली होती. दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरी मोडता मोडता जोड डोळ्यांसमोर आली. भाकरी तशीच टाकून जोडीचे आलेले पैसे मोजायला बसलो. दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन तेलगाव गाठलं.

जोड त्याच्या अंगणात बांधलेली होती. त्याने चहा सांगितला. मी घेतला नाही.

"जोड परत दे."

"मूठ तू आवळली."

"आजारात आवळली."

"ताप न्हवता तुला. मी शेजारीच हुतो, तक्ता रोज बघत हुतो." त्याने मिशीवर हात फिरवला. "मग डोकं ठिकानावर न्हवतं म्हन. चार हेड्यांसमोर म्हन आन आत्ता सोडून ने. लई भांडायची गरज न्हाई."

त्याला पक्कं माहीत होतं तो काय मागतोय. हेड्याकडे जमीन नसते, दुकान नसतं, त्याची मूठ असते. ज्याचं डोकं एकदा ठिकाणावर नव्हतं, त्याने आवळलेली मूठ खरी की आजारातली, हे पुढे कोण सांगणार? बोललो तर धंदा जातो, नाही बोललो तर जोड. वाटेत काही खोटं रचता आलं असतं, पण तो शेजारच्याच खाटेवर होता.

मी म्हणालो, "बोलाव चौघांना."

चौघे आले. मी उभ्यानेच बोललो. विषाणूने अंगात सूज आली होती, तिने मन बसलं होतं, त्याला डिप्रेशन म्हणतात, अजून गोळी चालू आहे. त्या मुठीत मी नव्हतो. डॉक्टरचा कागद खिशात होता, तो कुणी मागितला नाही.

त्यांतला वयस्कर हेडी म्हणाला, "येड लागलं हुतं म्हनायचं का मग?"

"न्हाई. आजार हुता म्हनायचं."

"आता बरा हाईस?"

"बरा हाय. बरा नसतो तर तुमचं थोबाड बघायला आलोच नसतो."

हसले सगळे. तेलगावकराने स्वतः दावं सोडून माझ्या हातात दिलं आणि पैसे न मोजता आत ठेवले.

बाजार पुन्हा भरायला लागले. तेव्हापासून कुणी मला उपरण्याखाली हात देत नाही. हसून म्हणतात, "आपलं तोंडीच बरं." एका हेड्याने दारूच्या नशेत मूठ आवळली होती, दुसऱ्या दिवशी सौदा रद्द केला. बाकीच्यांनी त्याच्या हातावर टाळ्या दिल्या आणि पुढच्याच बाजारात त्याच्याशी उपरण्याखाली सौदे झाले. दारू पिऊन बैल विकला तर तो गडी रंगेल. विषाणूने मन बसलं तर तो माणूस कच्चा. हा हिशेब मला आजवर कुणी समजावून दिलेला नाही, आणि मी तो विसरणारही नाही.

तोंडी भावात माझं नुकसान काही नाही. माझा आवाज मोठा आहे, समोरचा लाजेने लवकर दबतो. तेलगावकर येतो तेव्हा त्यालाही चारचौघांत, मोठ्याने भाव सांगतो आणि एक पैसा सोडत नाही.

जोड अजून माझ्याकडेच आहे. टोळ्या निघायच्या दिवसांत गिऱ्हाइकं येतात. मी विकत नाही, तर लोक म्हणतात त्या आजाराचं अजून काही तरी राहिलंय. गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने केव्हाच बंद झाली. जोड विकत नाही, कारण भाव अजून आलेला नाही.