बिननावाचा पेपर

"मला बरोबर उत्तर नकोय. खरं द्या." वर्गात पाऊल टाकलं की बाई आधी हे सांगायच्या, आणि नववीची मुलं लगेच सावध व्हायची. शाळेत इतकी वर्षं काढल्यावर कोणी असं म्हणालं, तर त्यात काहीतरी फसवाफसवी असणार, एवढं त्यांना कळत होतं.

ठाण्यातल्या एका संस्थेसाठी बाई शाळाशाळांतून प्रश्नावल्या भरून घेत. वेगळ्या धर्माच्या, जातीच्या, प्रांताच्या माणसांबद्दल या वयातल्या मुलांना काय वाटतं, ते मोजायचं. मी त्यांचा मदतनीस. मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेला. आमच्या घरी माणसं दोनच प्रकारची असत: पटलेली आणि पटवायची राहिलेली. त्यात मोजायचं काय, हेच मला कळेना.

"ताप उतरवायच्या आधी किती आहे ते बघतोस ना?" बाई म्हणायच्या.

"देशाला ताप आहे हे उघड आहे, बाई."

"देशाचं नंतर बघू रे. आधी नववी ब."

अशा पाहण्यांच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. त्यातले निष्कर्ष कसे जन्मतात ते मी पाहिलंय. 'शेजारी परप्रांतातलं कुटुंब राहायला आलं तर मला आवडेल' या वाक्यापुढे दिवा स्टेशनजवळच्या शाळेतल्या एका मुलीने 'पूर्ण असहमत'वर खूण केली आणि बाजूला लिहिलं, "कोणीच नको. टँकर एकच येतो." मी तिला संकुचित ठरवून मोकळा झालो. बाई हसता हसता खोकायला लागल्या. "अरे, ती पाण्याबद्दल बोलतेय आणि तू तिला फाशी देतोयस!"

नाव लिहायचं नाही, असं बाई फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहीत. मुलं माना डोलवत आणि पानाच्या माथ्यावर नाव, तुकडी, हजेरी क्रमांक लिहून खाली पट्टीने रेघ मारत. काही जण वर 'श्री'सुद्धा काढत. कोरा कागद दिसला की हात आपोआप चालायचा. मग मधल्या सुट्टीत बाई स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसून प्रत्येक पानाचा माथा कात्रीने कापायच्या. कापताना मान खिडकीकडे. त्यामुळे पानं वाकडीतिकडी कापली जात.

"नाव कळणार नाही, असं सांगितलंय ना मी पोरांना? मग मलाही कळता कामा नये."

मोहने गावाच्या बाजूला एक शाळा होती. तिथे बाईंचं कापून झालं होतं, तेवढ्यात मुख्याध्यापक आले. पुढच्या आठवड्यात स्नेहसंमेलन, पाहुण्यांसमोर निकाल जाहीर करायची त्यांना घाई. गठ्ठा चाळताना ते प्रसन्न होत गेले. सगळे 'पूर्ण सहमत'. 'कारण लिहा' याखाली सगळ्यांचं एकच वाक्य, कारण वर्गशिक्षिकेने ते आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. मग एका पानावर त्यांचा हात थांबला. खालपर्यंत 'पूर्ण असहमत'. दुसऱ्या धर्माचा शेजारी नको, बाकावर नको, डब्याला नको. कारण: "माहीत नाही. घरी सगळे असंच म्हणतात."

"हे कोणाचं? निबंध स्पर्धेत एकात्मतेचं पहिलं बक्षीस आहे आमच्याकडे!" त्यांचा आवाज व्हरांडाभर गेला. "बोलवा वर्गशिक्षिकांना. अक्षर ओळखतील. पालकांना बोलावतो, दाखला हातात देतो."

खरं सांगू? मला ते पटत होतं. असला विचार वेळीच ठेचायला हवा, एवढंच मला शिकवलेलं.

बाईंनी ते पान त्यांच्या हातातून अलगद काढून घेतलं. "सर, हे माझं. मुलांना दाखवायला नमुना भरला होता. चुकून गठ्ठ्यात गेला."

"असं अक्षर? तुमचं?"

"आमच्या घरी सगळ्यांचंच वाईट आहे."

"आणि हे विचार?"

बाईंनी पानाची घडी घातली. जन्मभर दुसऱ्यांकडे खरं मागणारी बाई. "ते पण माझेच म्हणायचे."

मुख्याध्यापकांनी त्याच दुपारी संस्थेला कळवलं. पूर्वग्रह असलेल्या व्यक्तीने पूर्वग्रह मोजणं योग्य नाही, असं संस्थेने ठरवलं, आणि बाई पुन्हा कुठल्याच शाळेत गेल्या नाहीत. आता ती पाहणी मोबाइलवर होते. हजेरी क्रमांक टाकल्याशिवाय प्रश्न उघडतच नाहीत. निकाल उत्कृष्ट लागतो.

डोंबिवलीला बाईंच्या घरी मी दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी कुलूप होतं. मुलाकडे गेल्या, शेजारी म्हणाले.

मला त्या आठवतात त्या मोहन्याच्या शाळेतून निघतानाच्या. जिना उतरताना मी धुमसत होतो. "बाई, त्या पोराला निदान समजवायला तरी हवं होतं!"

"कोण समजावणार? तू? पत्रक वाचून दाखवशील, आणि पुढच्या वेळी तो शहाण्यासारखा 'पूर्ण सहमत' करेल. अख्ख्या वर्गात एकटा माझ्याशी बोलला रे. त्यालाही गप्प करू?"

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून दबका आवाज आला. "बाई... तो पेपर तुमचा नव्हता."

मी वळणार, तोच बाईंनी माझी बाही घट्ट धरली.

"माझाच होता," त्या समोर बघत, वर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या. मग मला हळूच, "खाली बघून चाल. पायरी तुटलीय."

पायरी चांगली धडधाकट होती.