हवामान ॲपला कॉन्टॅक्ट कशाला?

“मॅडम, तुमच्या ॲपात आत्ता पाऊस पडून राहिला,” अध्यक्ष बापूराव म्हणाले आणि त्यांनी आपला फोन सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवला. “जरा खिडकीतून बघता का?”

खिडकीतून बघायची गरज नव्हती. मार्चचं ऊन होतं. समोरच्या सिमेंटच्या खळ्यावर सभासदांची हळद वाळत होती आणि आकाशात ढगाचं नाव नव्हतं. सगळे संचालक हसले. पिकांवरची औषधं विकणाऱ्या कंपनीचा लातूरहून आलेला प्रतिनिधीही हसला, पण आवाज न करता.

मी नांदेडजवळच्या अर्धापूर भागातल्या एका शेतकरी कंपनीची मॅनेजर आहे. शेतकरी कंपनी म्हणजे शेतकऱ्यांनीच मिळून काढलेली कंपनी. आमचे सभासद हळद एकत्र शिजवतात, एकत्र वाळवतात आणि एकत्र विकतात. शिजवलेल्या हळकुंडावर वाळायच्या आत पाणी पडलं की रंग मरतो आणि बुरशी धरते. त्यामुळं मार्च-एप्रिलात हवामान हा आमच्याकडं गप्पांचा विषय नसतो.

त्या दिवशी बैठकीत एकच गोष्ट ठरायची होती. सगळ्या सभासदांच्या फोनमध्ये कोणतं हवामान ॲप टाकायचं? एक ॲप प्रतिनिधी घेऊन आला होता, फुकट, वर प्रत्येक सभासदाला एक टोपी. दुसरं मी सुचवलेलं. त्यालाही पैसे नव्हते. टोपीही नव्हती. आणि आता ते भर उन्हात पाऊस दाखवत होतं.

हा विषय सुरू झाला कौसाबाईंमुळं. त्या आमच्या संचालक. शेती स्वतः बघतात आणि बोलताना समोर कोण आहे ते बघत नाहीत. बैठकीच्या महिनाभर आधी त्या ऑफिसात आल्या आणि सुनेचा फोन माझ्यासमोर आपटला.

“बाई, हे काय हाय ते बघा. सकाळपासून कुणी तरी फोन करून राहिलाय. म्हणतो, ताई, तुमची हळद शिजली ना, आता वली-सुकी कशी बी द्या, आम्ही घेतो. आमची हळद शिजली हे याला कुणी सांगितलं? मी शेजारणीला बी सांगितलं न्हाई.”

मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करून या नोकरीत आले. त्यामुळं कुणाचाही फोन बिघडला की माझ्या टेबलावर येतो. मी सुनेच्या फोनमधली ॲप्स बघितली. एक हवामान ॲप नवीन होतं. ते ‘अचूक सल्ला’ देण्यासाठी विचारत होतं की पीक कोणतं, क्षेत्र किती, काढणी झाली का, शिजवणी झाली का. सुनेनं सगळं इमानदारीनं भरलं होतं. फोन त्या ॲपमुळंच आला याचा पुरावा माझ्याकडं नाही. पण संशयाला जागा भरपूर होती.

मग मी परमिशन बघितल्या. परमिशन म्हणजे आपण ॲपला दिलेल्या घराच्या चाव्या. या ॲपकडं लोकेशनची चावी होती, तीही चोवीस तासांची. कॉन्टॅक्टची होती. कुणाला किती वेळा फोन केला, तेही बघायची होती.

“कौसाबाई, पाऊस येणार का हे सांगायला याला तुमच्या माहेरचे नंबर कशाला लागतात?”

“पावसाला फोन लावून बोलवत असंल,” त्या म्हणाल्या.

मी ते ॲप काढून टाकलं. पण काढून भागणार नव्हतं. हवामान तर सगळ्यांनाच बघायचं होतं. आज हे काढलं तर उद्या दुसरं तसलंच टाकलं असतं. म्हणून मी शोधायला बसले.

पहिली अट, ॲप ओपन सोर्स हवं. लग्नात आचारी मांडवामागं उघड्यावर स्वयंपाक करतो. कढईत काय पडतं ते कुणीही जाऊन बघू शकतो. ओपन सोर्स ॲप तसं असतं. ते कसं बनवलंय ते सगळं उघड ठेवलेलं असतं. मला ते सगळं वाचता येत नाही, पण वाचणारे जगात पुष्कळ आहेत आणि ते गप्प बसत नाहीत.

दुसरी अट, खातं उघडायला लावायचं नाही, जाहिरात नाही आणि कॉन्टॅक्ट तर नाहीच. लोकेशनची परमिशनही न देता चाललं पाहिजे. गाव आपण हातानं घालायचं. इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. गाव घातलं तरी त्या गावाचा ठिपका कुठल्या तरी सर्व्हरला कळतोच, नाहीतर तो अंदाज देणार कसा? पण त्या ठिपक्याला नाव नसतं, मोबाईल नंबर नसतो, एकर नसतात. आणि ठिपका आपल्याच शेताचा द्यावा असंही नाही. दोन किलोमीटरवरच्या देवळाचा दिला तरी अंदाज तोच येतो.

तिसरी अट कामाची. कोणतंही ॲप स्वतः पावसाचा अंदाज काढत नाही. अंदाज काढतात मोठ्या हवामान संस्था, मोठ्या कॉम्प्युटरांवर. त्या गणिताला मॉडेल म्हणतात. ॲप म्हणजे फक्त खिडकी. मला अशी खिडकी हवी होती जिच्यातून दोन-तीन मॉडेल दिसतील आणि तासातासाचा अंदाज दिसेल. ‘उद्या पाऊस’ एवढं आम्हाला पुरत नाही. जेवणाआधी की नंतर, ते हवं.

अशी काही ॲप्स मी माझ्या फोनवर टाकली आणि रोज खळ्यावर उभी राहून ताडून बघितली. एक मराठीत नव्हतं, ते गेलं. एक सुंदर होतं पण आमच्या रेंजमध्ये उघडायलाच तयार नव्हतं, तेही गेलं. एक राहिलं. त्याचं नाव इथं सांगत नाही, कारण पुढच्या वर्षी त्याहून चांगलं येईल आणि लोक मला जुन्याबद्दल विचारत बसतील.

तेच ॲप बापूरावांनी बैठकीच्या आदल्या दिवशी स्वतःच्या हातानं टाकून घेतलं होतं.

“मॅडम, राग मानू नका,” प्रतिनिधी बैठकीत म्हणाला. मुलगा हुशार होता, बोलायला गोड. “प्रायव्हसी वगैरे पुण्या-मुंबईचे विषय आहेत. शेतकऱ्याकडं लपवण्यासारखं काय असतं?”

“माल किती आहे आणि विकायची घाई किती आहे,” मी म्हणाले. “आमची कंपनी याच दोन गोष्टींवर उभी आहे. घेणाऱ्याला त्या आधीच कळल्या तर आम्ही एकत्र येऊन काय उपयोग?”

“ते खरं हाय,” बापूराव म्हणाले, “पण मॅडम, पावसाचं काय? ते ॲप खोटं बोलून राहिलंय.”

मी त्यांचा फोन घेतला. वर ‘नांदेड, महाराष्ट्र’ असं लिहिलेलं. चूक काढायला जागा नव्हती. मग खाली सूर्यास्ताची वेळ बघितली. ती आमच्याहून जवळपास पाव तास उशिराची होती. सूर्य पश्चिमेकडच्या गावात उशिरा मावळतो. मी नकाशा उघडला. ठिपका खडकवासला धरणाजवळ होता.

“बापूराव, तुम्ही पुण्यात आहात.”

“मी?”

“पुण्याजवळ सिंहगडाच्या रस्त्याला नांदेड नावाचं गाव आहे. तुम्ही नांदेड टाइप केलं आणि यादीत जे पहिलं आलं त्यावर बोट ठेवलं.”

“तरीच ते घरी सापडत न्हाईत,” कौसाबाई म्हणाल्या.

बापूरावांचा मुलगा त्याच भागात नोकरीला आहे. त्यांनी लगेच त्याला फोन लावला, स्पीकरवर.

“काय रे, पाऊस हाय का तिकडं?”

“हाव बाबा, अर्ध्या तासापासून लई पडून राहिला. तुम्हाला कसं कळलं?”

बैठकीत एवढं हसणं मी कधी ऐकलं नाही. बापूरावही हसले. प्रतिनिधी तेवढा पाणी प्यायला.

मी ते नांदेड पुसलं आणि नकाशावर आमच्या खळ्याजवळ ठिपका ठेवला. आज कोरडं. पण उद्याचं पान उघडलं आणि माझं हसणं थांबलं. दुपारी तीननंतर वादळी पाऊस, जोराचा वारा. तीन मॉडेलपैकी दोन तेच सांगत होती.

“तुमचं काय म्हणतं?” मी प्रतिनिधीला विचारलं. त्यानं आपलं ॲप उघडलं. आधी बुरशीनाशकाची जाहिरात आली. ती संपेपर्यंत आम्ही सगळे थांबलो. मग मोठा पिवळा सूर्य आला.

“उद्या कडक ऊन,” तो म्हणाला.

“तासातासाचं दाखवा.”

“त्याला आधी नोंदणी करावी लागते, मॅडम. पीक, क्षेत्र वगैरे.”

बापूरावांनी माझ्याकडं बघितलं. “उद्या दुपारी हळद झाकली आन् पाऊस न्हाई आला, तर अर्ध्या दिवसाचं ऊन वाया. सभासद मलाच बोलतील.”

“बोलू द्या. अर्ध्या दिवसाचं ऊन परवा मिळेल. गेलेला रंग कुठं मिळेल? मॉडेल चुकू शकतं. पण हे चुकलं तर नुकसान छोटं आहे, आणि आपण न झाकता चुकलो तर सगळ्या खळ्याचं आहे.”

ॲपचा निर्णय पुढं ढकलला. हळद झाकायचा निर्णय झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन असं होतं की खळ्यावर चप्पल घालूनही उभं राहवेना. कामाच्या बायकांनी हळद ओढून ढीग केले. खळं सांभाळणारे इसाकभाई ताडपत्र्यांवर दगड ठेवत फिरत होते.

“मॅडम, उन्हाला ताडपत्री घालायचं काम पहिल्यांदाच करून राहिलो,” ते म्हणाले. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तीन वाजून गेले, काही नाही. बापूराव दोनदा येऊन आकाश बघून गेले.

चारच्या सुमारास वारा सुटला. पश्चिमेकडं काळं झालं. मग पाऊस आला, आणि त्याच्याबरोबर गारा. शेडच्या पत्र्यावर एवढा आवाज की समोरच्याचं बोलणं ऐकू येईना. ताडपत्रीचा एक कोपरा उडाला, तर इसाकभाई त्यावर जाऊन सरळ बसले आणि पाऊस थांबेपर्यंत उठले नाहीत.

आभाळ उघडल्यावर आम्ही ताडपत्र्या काढल्या. बापूरावांनी ढिगात कोपरापर्यंत हात घातला, हळकुंड काढलं, मोडलं. आत कोरडं. रंग जसाच्या तसा. त्यांनी ते मला दिलं आणि एवढंच म्हणाले, “ठराव मी मांडतो.”

पुढच्या बैठकीत त्यांनी मांडला, कौसाबाईंनी अनुमोदन दिलं आणि एकही हात विरोधात गेला नाही. प्रतिनिधीनं फोनवर विनवलं, आमचं ॲप निदान जोडीला तरी ठेवा. कौसाबाई माझ्या हातातून फोन घेऊन म्हणाल्या, “बाळा, टोप्या पाठवून दे. ॲप तुझ्यापाशी ठेव.”

मग मी गावोगाव बसून सभासदांच्या फोनमध्ये ॲप टाकलं. प्रत्येकाचा ठिपका नकाशावर बोटानं ठेवला, गावाचं नाव टाइप करू दिलं नाही. जुनी ॲप्स काढली, परमिशन बंद केल्या. अनोळखी फोन एका दिवसात थांबले नाहीत. एकदा गेलेला नंबर परत येत नाही. पण नवीन कुणाची हळद शिजली हे बाहेर कळायचं बंद झालं. मे महिन्यात सौदा झाला तेव्हा आमच्याकडं माल किती आहे हे घेणाऱ्यांना पहिल्यांदा काट्यावर दिसलं. ते आपसात भाव ठरवून आले नव्हते, कारण कशावर ठरवायचा हेच त्यांना माहीत नव्हतं. बोली चढत गेली. आमच्या कंपनीला आजवर मिळालेला तो सगळ्यात चांगला भाव होता.

ॲप त्यानंतर दोनदा चुकलं. दोन्ही वेळा आम्ही उगाच हळद झाकली आणि दोन्ही वेळा मी शिव्या खाल्ल्या. ते चालतं. अंदाज चुकणारच. हवामान ॲप निवडताना ते तुम्हाला काय सांगतं याआधी ते तुम्हाला काय विचारतं ते बघा. प्रश्न फार असतील, तर ते पावसाच्या मागावर नाही, तुमच्या मागावर आहे.