पाण्याकाठचं माहेर

माझी आई दर्याकाठची आणि वडील चौक गावाजवळचे, डोंगराच्या पायथ्याला भात लावणारे. आवणीत आई रोपांची मूठ जरा वाकडी लावायची, की घरातल्या बायका म्हणायच्या, "दर्यावरची बाई, हिला चिखल काय कळतो!" आई कधी उलटून बोलली नाही. पण त्या वर्षी तिचा एकुलता भाऊ तापाने गेला. आईबाप आधीच गेले होते. आता तिला माहेरी बोलावणारं कोणी उरलं नव्हतं, आणि बोलावणं नसताना बाई माहेरी जाते कशी? घरच्यांनी तर सांगूनच टाकलं, माहेर संपलं. आईने मळणी होईपर्यंत कळ काढली आणि मग वडिलांना म्हणाली, "मानसं नाय तर नाय. मला तितलं पानी तरी बगू द्या."

वडिलांच्या नाकावर सदा राग. तरी कसे कोण जाणे, ते कबूल झाले.

धरमतरच्या खाडीपाशी ओळखीच्या माणसाकडे गाडीबैल ठेवले, मचव्याने पलीकडे गेलो आणि तिथून चालत निघालो. मी परकरातली पोर, पाय दुखून रडकुंडीला आले होते. पण माडांच्या पलीकडे ते पाणी दिसलं आणि मी सगळं विसरले. समुद्र लांब होता. त्याच्या अलीकडे वाळूची दांडी, आणि दांडीच्या आत अडलेलं निवांत, गुडघाभर पाणी. बगळे कोणाच्या बापाला न भिता उभे. आईने लुगडं वर खोचलं, पायाच्या अंगठ्याने वाळू उकरून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढल्या आणि मलाही शिकवलं. आमच्या घरात सदा खाली बघून वावरणारी ती बाई इथे भराभरा चालत होती. किती सुंदर दिसत होती ती! आज इतक्या वर्षांनी डोळे मिटले तरी ती मला तशीच दिसते.

वडिलांनी ऐन सपाटीवर चूल मांडली. आई म्हणाली, "अवं, तितं नको. भरती येल."

"पानी मला शिकवतेस? सारा जलम शेताला पानी धरतोय मी!"

तांदळाला आधण आलं नाही तोच पाणी सरकत सरकत आलं. वडील घाईघाईने वाळूचा बांध घालू लागले, अगदी खाचराला घालतात तसा, वरून थोपटून. आमच्याकडची चिकणमाती पाणी धरते हो, वाळू कशाला धरतेय! पाणी खालून पाझरलं, चूल विझली, तांदळाचं गाठोडं भिजलं आणि वडील कमरेइतके ओले. आई वर केवड्याच्या आडोशाला बसून बघत होती. तिची हसून हसून मुरकुंडी वळली. वडील आधी भडकले, मग स्वतःच खो खो हसत सुटले.

शेवटी वर उंचावर नुसत्या तिसऱ्या उकडून खाल्ल्या. उन्हं कलली, मचवा गाठायचा होता. निघताना आईचं हसू मावळलं. चार पावलं टाकायची, मागे वळून बघायची.

वडील थांबले. ओलं गाठोडं सोडून त्यांनी माझ्यापुढे धरलं. "पोरी, आयची ओटी भर."

"अवं, लेक कवा आयची वटी भरते व्हय?" आई म्हणाली. "आन ती तर कुवार पोर."

"मंग कोन भरनार? म्हायेराशनं बाई रित्या पदरानं निगत नाय."

आईने पदर पुढे केला. मी ओंजळीने ते ओले तांदूळ घातले. वडील पाण्याकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "दर साली मळनी झाली का आनीन तुला. बोलावनं माजं."

भाऊ गेल्याची खबर आली तेव्हाही माझी आई सगळ्यांसमोर रडली नव्हती. ती त्या वाटेवर, भरला पदर दोन्ही हातांनी धरून, मोठ्याने रडली.