बाईंनी जोडलेला संगणक

बाई भाजीत मीठ आणि तिखट एका दमात कधीच घालत नसत. मीठ घालायचे, चव पाहायची, मगच तिखटाच्या डब्याला हात. "एका वेळी एकच बदल," त्या म्हणत, "नाहीतर बिघडलं कशानं ते कळत न्हाय." ईट गावच्या शाळेत त्यांनी गणित शिकवले, म्हणून गावाच्या त्या बाई; माझ्या थोरल्या भावाची पत्नी, म्हणून माझ्या वहिनी. अशा बाईंबद्दल त्यांच्या दहाव्याला जमलेली माणसे म्हणाली, "लई हुशार होत्या, पण कॉम्प्युटर जोडताना तेवढं चुकलं." माझा सख्खा पुतण्याही मान डोलावत होता. हे साफ खोटे आहे. मी तिथे होतो. मान डोलावणारे नव्हते.

दादाला अर्धांगवायूचा झटका आला आणि त्याची वाचा गेली. उजवा हात लुळा, डावा थरथरता. मोबाइलवर बोट ठरेना. ज्याची हाक शिवारभर ऐकू जाई, तो पाण्यासाठी ताट आपटू लागला. तेव्हा वहिनींनी ठरवले की मोठ्या पडद्यावर शब्दांच्या चौकटी मांडायच्या, दादाने हवी ती निवडायची आणि यंत्राने तो शब्द बोलायचा. आवाज माझा. आम्हा भावांचा आवाज इतका सारखा, की फोनवर वहिनीही फसत. पाणी, ऊन, कंटाळा, व्हय, न्हाय असे शेकड्यांनी शब्द मी बोलून भरले. तांब्यावर झाकण ठेवण्याची दादाला भारी सवय, म्हणून 'झाकण'सुद्धा. "भाऊजी, भाषण न्हाय द्यायचं. नुसता शब्द म्हणा," असे त्या मला, मला दटावत!

पुतण्या पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, तयार मिळतो तो घे ना."

"तयार घेतलेला बिघडला तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?" असे म्हणून त्यांनी धाराशिवहून सुटे भाग आणले. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी खुरपी, कोयते, शिलाई मशीन, सगळ्या हत्यारांना हळदकुंकू लागते. संगणकाचे उघडे भागही पाटावर मांडले गेले. घरचा कर्ता दादा. पूजा त्यानेच केली, थरथरत्या डाव्या हाताने. मग वहिनींनी ते भाग जोडले.

यंत्र बोलू लागले आणि मध्येच बंद पडू लागले. दादा 'पाणी' निवडी, शब्द उमटे. पुढच्या शब्दापर्यंत पडदा निळा होई आणि सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. कधी दुपारभर बरे चाले, कधी दुसऱ्याच शब्दाला दगा देई. शेवटी दादाने माउस भिरकावला आणि भिंतीकडे तोंड केले. वहिनी मला बाहेर नेऊन म्हणाल्या, "हे नीट झालं न्हाय तर ते पुन्हा पडद्यासमोर बसायचे न्हाईत. मग बोलणं संपलंच."

पुतण्याने दोष विजेला दिला. गावाने दुकानदाराला दिला. मी तर त्याला जाब विचारायला एसटीत बसायच्या तयारीत होतो. "आधी पुरावा, मग भांडण," वहिनी म्हणाल्या. त्यांनी यंत्र नुसत्या इन्व्हर्टरवर चालवले, तरी तेच. वीज दोषातून सुटली. मेमरीच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढली, चाचणी लावली. मग उरलेली काढून त्याच खाचेत दुसरी. दोन्ही निर्दोष. मग हीच तपासणी दुसऱ्या खाचेत केली. तिथे कोणतीही पट्टी लावा, चुकाच चुका. तोवर मी अंगणात येरझारा घालून चपला झिजवल्या. त्या मात्र स्वेटर विणत बसल्या होत्या.

"भाऊजी, बॅटरी धरा."

त्या उजेडात, वहिनींनी पुढे केलेल्या भिंगातून मी पाहिले. खाचेच्या तळाशी कुंकू होते.

मी तोंड उघडले, तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवले. पलीकडे खाटेवर दादा होता. मऊ ब्रशने त्यांनी खाच साफ केली. पुन्हा चाचणी लावली, एकही चूक निघाली नाही. मग दादाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझंच चुकलं. पट्टी तिरकी बसवली होती."

अंगणात मी उसळलो. "तुमचं नाव खराब होतं त्याचं काय?"

"माझं नाव काय कापराचं हाय, उडून जायला? त्यांना आपला हात आधीच नकोसा झालाय. त्यात ही भर कशाला?"

गावाला आणि पुतण्यालाही त्यांनी तिरक्या पट्टीचेच कारण सांगितले. दादा पुन्हा बोलू लागला. बोलू कसला, हुकूम सोडू लागला, आणि तेही माझ्या आवाजात. पुढच्या खंडेनवमीला धूळ झाडण्यासाठी वहिनींनी यंत्र उघडले होते. मी हळदकुंकवाचे ताट दादापुढे धरले. त्याने ते डाव्या हाताने बाजूला सारले आणि पडद्यावर सावकाश शब्द निवडले.

"आधी. झाकण. लाव."

वहिनींचा हात जागीच थांबला. "म्हंजे तुमाला ठावं होतं?"

दादा अर्ध्या तोंडाने हसला. "व्हय."

आता दादा नाही, वहिनीही नाहीत. यंत्र माझ्या खोलीत आहे आणि चालते. पुतण्या म्हणतो, "काका, जुनं झालं, काढून टाका." यंदा खंडेनवमीला तो गावी आला, तेव्हा मी त्याला हे सारे बजावून सांगितले. हळदकुंकवाची वाटी उचलण्याआधी त्याने वाकून यंत्राचे झाकण घट्ट बसले आहे का, ते हाताने चाचपून पाहिले.