टपावरचा तंबू

न्हावऱ्याच्या अलीकडे रस्त्याला लागून माझं वेल्डिंगचं दुकान आहे आणि दुकानाच्या मागंच कोळप्यांचं घर. त्यामुळे साधना कोळपेचा दिवस मला बसल्या जागी दिसतो. मी शटर उघडायच्या आधीच ती सणसवाडीच्या कंपनीची गाडी धरून गेलेली असते. तिथं पॅकिंगला उभ्यानं काम. दुपार कलल्यावर परतली की थेट गोठ्यात शिरते आणि तिथून स्वयंपाकघरात. एकदा गाडीतून उतरून ती माझ्या दुकानापुढच्या बाकड्यावर टेकली आणि बसल्या बसल्या झोपली. शेजारी ग्राइंडर किंचाळत होता, ठिणग्या उडत होत्या, बाईला पत्ताच नाही. मला तिचा रागच आला. इतकं दमेपर्यंत माणसानं गप्प का राहावं?

तशी ती एकदा बोलली होती. नवऱ्याला, म्हणजे हनुमंताला म्हणाली, "अवो, मला कुठंतरी न्या. जिथं कुणी उठवणार न्हाई अशा जागी."

हनुमंत माणूस गरीब, पण ऐकलेलं शब्दशः धरणारा. लॉजवर जायचं तर त्याची आई रतनबाई आठवडाभर अबोला धरणार. मग त्याला मोबाईलवर गाडीच्या टपावर उघडणारा तंबू दिसला. वर झोपायचं, खाली गाडी, ना दार वाजवणारा कुणी ना हाक मारणारा. समुद्राकडं जायचं ठरलं. साधनानं सुपरवायझरच्या नाकदुऱ्या काढून दोन दिवसांची रजा मिळवली आणि हनुमंतानं सगळ्यात स्वस्तातला तंबू मागवला.

रजेच्या आदल्या दिवशी तो आला. चौघांनी उचलून जुन्या बोलेरोच्या टपावर ठेवला, त्यात माझी कंबर धरली. कॅरिअर आधीच ढिला, म्हणून मी खालून दोन जाड पट्ट्या जोडून दिल्या. तंबू उघडला तेव्हा अर्धा टपावर आणि अर्धा लोखंडी टेकूंच्या आधारानं बाहेर लोंबत होता; वर चढायला एक सुटी शिडी. आत नव्या प्लास्टिकचा उग्र वास. गादी दोन बोटं जाड. चेन एका कोपऱ्यात अडत होती. शिवणींवर आतून पट्टी चिकटवली होती, पण ती जागोजाग सुटलेली. एकंदरीत, दिलेल्या पैशांत बरा, पण पावसात भरवशाचा नाही.

मी म्हणालो, "हनुमंता, घाई करू नगंस. आधी पाणी मारून बघू. गळला तर परत धाड, अजून मुदत हाय."

पण कोळपे धनगर. साधनाच्या सासऱ्यानं मेंढरं विकून शेती धरली, तरी घरात मिक्सर आला काय आणि ट्रॅक्टर आला काय, आधी त्यावर भंडारा पडणार. मी नळी आणायला गेलो तोवर रतनबाई ताट घेऊन आल्याच. "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणत त्यांनी मूठभर हळद तंबूवर उधळली आणि दोन मुठी आत.

मग पाणी मारलं. कापडावरचा भंडारा भिजून शिवणींतून आत उतरला आणि जिथं जिथं गळत होतं तिथं तिथं पिवळे ओघळ गादीवर आले. गळती शोधायचे कष्टच उरले नाहीत.

विकणाऱ्यांकडच्या मुलीला हनुमंतानं फोनवर तंबू दाखवला. ती गोड आवाजात म्हणाली, "सर, डाग पडलेला माल परत घेता येत नाही."

"डाग न्हाई मॅडम, भंडारा हाय तो!"

रतनबाईंनी त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि बंद केला. "भंडारा लागला म्हंजी घरचा झाला. घरचं कुणी परत धाडतं व्हय?"

मी शिवणींना सिलिकॉन भरून दिलं. ते वाळायला एक दिवस हवा होता, म्हणजे रजेचा पहिला दिवस गेला. तो नुसता गेला असता तरी चाललं असतं. पण गाडीवर घर आल्याची बातमी गावात फिरली आणि जो तो बघायला आला. येणारा शिडी चढणार, आत मांडी घालून बसणार, गादी दाबणार, अक्कल पाजळणार आणि उतरून चहा पिणार. चहा कोण करणार? साधना. जिच्या झोपेसाठी तंबू आणला ती दिवसभर गाळणं धुवत होती. हनुमंत येणाऱ्या प्रत्येकाला हौसेनं चेन उघडून दाखवत होता. त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती मला.

दुसऱ्या दिवशी समुद्र गाठून परत यायला वेळच नव्हता, कारण पुढच्या पहाटे तिची शिफ्ट. हे हनुमंताच्या ध्यानात आलं तेव्हा तो ओसरीवर डोकं धरून बसला. त्यात दुपारी दौंडच्या रेल्वे कॉलनीतून त्याची बहीण ललिता आली, तंबू बघायला.

साधनानं चहाचं आधण ठेवलं. साखर टाकली. मग तिनं गॅस बंद केला, अंगणात आली, कुणाकडं न बघता शिडी चढली. शिडी वर ओढून घेतली आणि आतून चेन लावली. अडणाऱ्या कोपऱ्यात तिनं असा काही हिसका मारला की गाडी हलली.

ललिता म्हणाली, "आगं बाई! वैनी? मी आलीया न्हवं?"

मला वाटलं, आता रतनबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटणार. त्या उठल्या, काठी टेकत गाडीपाशी आल्या. वर बघितलं. मग लेकीला दबक्या आवाजात म्हणाल्या, "वरडू नगंस. रानात आमचा मेंढरांचा वाडा असायचा तवा बाईमाणूस दमून झोपलं तर मेंढरं सुदीक लांब न्यायचो आमी. चहा तुझा तू कर."

त्या तिथंच बाजेवर बसून राहिल्या. कुणी बघायला आलं की काठी दाखवून माघारी धाडत होत्या. मी ग्राइंडर बंद ठेवला. धारेची वेळ झाली, म्हैस ओरडायला लागली, तेव्हा हनुमंत बादली घेऊन पळाला. त्याला धार काढता येत नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे.

दिवेलागणीला वर खडबड झाली. चेन थोडी सरकली आणि साधनाचा घाबरा चेहरा बाहेर आला. केस विस्कटलेले, गालावर हळदीचा पट्टा. अंधार बघून ती ओरडलीच.

"आत्याबाई, कंपनीची गाडी गेली का ओ माझी?"

रतनबाई म्हणाल्या, "न्हाई गं बाई. लई येळ हाय अजून. पड तू."

तिनं डोकं आत घेतलं. मग चेन परत लागली.