होर्डिंगवरचा जालिंदर

जालिंदरनं जन्मात दारूचा थेंब चाखला नव्हता, आणि हे त्यानं इतक्यांदा सांगितलं होतं की सोलापूरच्या बुधवार पेठेतली पोरं त्याची नक्कल करायची. त्याचा बाप दारूपायी गेला. बापाला पोचवून आल्यावर विहारात उभं राहून त्यानं शील घेतलं, ते घेतलंच. खोकल्याचं औषधसुद्धा आधी नाकाला लावायचा, वास आला की बाटली बाजूला. वैरागला दिलेली त्याची धाकटी बहीण येसूबाई म्हणायची, आमच्या दादाला सरबतसुद्धा चढंल. तोही हसायचा. पण आतून केवढा अभिमान होता त्याला! विहारात दर पौर्णिमेला पुढं उभं राहून पंचशील म्हणायचा मान त्याचा. पाचवं शील आलं, नशेपासून लांब राहायचं, की त्याचा आवाज हमखास चढायचा.

पोटाला तो टॉवेलच्या कारखान्यात, रंगखात्यात. रात्रपाळी करून सकाळी आला की वाफेनं डोळे लालभडक झालेले. उंबऱ्यावर टेकायचा, एक चप्पल पायात, एक हातात, आणि तिथंच मान टाकायचा. अशाच एका सकाळी त्याच्या लेकीनं, संघप्रियानं, मोबाईलवर त्याचा फोटो काढला. बारावीतली पोर, फोटोचं लई वेड. एका संस्थेनं तरुण मुलांसाठी स्पर्धा ठेवली होती, विषय ‘घामाचे चेहरे’. तिनं बापाला विचारलं, पाठवू का? तो म्हणाला, पाठव की, तुझा बाप हिरोच हाय. नियम इंग्रजीत होते आणि संपता संपत नव्हते. तिनं शेवटची तारीख तेवढी बघितली आणि ‘मान्य’ दाबलं. सगळेच दाबतात हो, त्या पोरीनं काय वेगळं केलं?

बक्षीस काही लागलं नाही. उत्तेजनार्थसुद्धा नाही. थोडे दिवस तोंड पाडून बसली आणि अभ्यासाला लागली.

दिवाळीनंतर सात रस्ता चौकात भलंमोठं होर्डिंग लागलं, त्याच संस्थेच्या व्यसनमुक्ती केंद्राचं. त्यावर कोण, तर उंबऱ्यावर मान टाकलेला, हातात चप्पल धरलेला जालिंदर. खाली ठसठशीत अक्षरं, ‘दारूनं यांचा संसार बुडवला. तुमचा वाचवा.’

अख्ख्या सोलापुरानं बघितलं. कारखान्याच्या गेटवरचा बाळासो, इतक्या वर्षांच्या ओळखीचा माणूस, म्हणाला, जालिंदर, तोंडाचा वास दे बघू. गंमत केली म्हणे. अरे मेल्या, गंमत कशाची करावी याला काही धरबंध? दुसऱ्या दिवसापासून जालिंदर सात रस्ता टाळून लांबच्या वाटेनं कामाला जाऊ लागला.

संघप्रिया संस्थेच्या ऑफिसात गेली. तिथल्या साहेबांनी बसवलं, चहासुद्धा पाजला. मग गोड आवाजात सांगितलं की स्पर्धेला पाठवलेला फोटो संस्थेचा होतो, कुठंही कसाही वापरता येतो, आणि चांगल्या कामाला लागला याचा तिला आनंद वाटायला पाहिजे.

“सर, फोटो मी दिला होता,” ती म्हणाली, “माझे पप्पा नव्हते दिले.”

साहेबांनी नियम पुन्हा वाचून दाखवला. पोरगी चिवट. वस्तीतल्या बायकांना घेऊन ऑफिसच्या दारात ठाण मांडून बसली, तेव्हा कुठं होर्डिंग उतरलं. तेही माणुसकी म्हणून, असं सांगून. चुकलं म्हणायला कुणाची जीभ रेटली नाही. आणि तोवर त्याच फोटोची पत्रकं मोहोळ, वैरागपर्यंत वाटून झाली होती.

येसूबाईचा फोन आला तेव्हा जालिंदर जेवत होता. फोन स्पीकरवर, समोर लेक बसलेली. पलीकडून नुसतं रडणं.

“दादा, कवापासून रं? आबासारखं नको रं करू.”

त्यानं सगळं समजावून सांगितलं. फोटो कुणी काढला, कशाला काढला, सगळं. ती व्हय व्हय म्हणत राहिली. पिऊन आलेल्या माणसाला म्हणतात ना, तसलं व्हय. बापापुढं म्हणून म्हणून तिला सवयच होती. जालिंदरनं ते ओळखलं आणि ताट सारलं.

पौर्णिमेला तो पांढरा शर्ट घालून विहारात पुढं उभा राहिला. चार शीलं नीट म्हणाला. पाचव्याला मागं कुणीतरी खोकलं. खोकलाच असेल, थंडीचे दिवस होते. पण त्याचा आवाज जो अडकला तो अडकलाच. लोक थांबले, मग आपापलं म्हणू लागले. तो मागं जाऊन भिंतीशी बसला.

घरी आल्यावर त्यानं लेकीकडं तो फोटो मागितला. चष्मा लावून बघत राहिला.

“संघे, खरं सांग. ह्यात मी पिलेला दिसतो का गं?”

“न्हाय, पप्पा. दमलेले दिसताय.”

“मग येसूला का दिसलं न्हाय? तिनं तर मला जल्मापासनं बघितलंय.”

संघप्रियाला रडू फुटलं, आणि जालिंदरलाच उठून तिची समजूत काढावी लागली.